सावली आधी, दीर्घिका नंतर

एप्रिलअखेर रात्री सव्वादहाच्या सुमारास थ्री-सी २७३ हा क्वेसार (दूरच्या दीर्घिकेचं झगमगतं केंद्र) नागपूरच्या दक्षिण आकाशात साधारण ७१ अंशांवर येतो. तेजाची प्रत १३च्या आसपास. रामटेककडच्या काळोखात आठ इंची दुर्बिणीतून ठिपका दिसतो. मार्टेन श्मिट यांनी १९६३ साली त्याची ताम्रसृती (विश्व प्रसरत असल्याने प्रकाशाची तरंगलांबी किती पटीने वाढली याचं माप) ०.१५८ ठरवली. मात्र त्याच्या प्रकाशात वाटेतल्या हायड्रोजनने पाडलेल्या लायमन-अल्फा खाचा, म्हणजे वर्णपटातल्या काळ्या रेषा, जमिनीवरून दिसत नाहीत. अशा सावल्यांवरूनच वाटेतला वायू आणि त्यामागची दीर्घिका शोधतात.

हायड्रोजन १२१.६ नॅनोमीटरला प्रकाश गिळतो. वायू ज्या ताम्रसृतीला आहे तीत एक मिळवा आणि १२१.६ ने गुणा, रेषा कुठे पोचली ते कळतं. या क्वेसारच्या वाटेवर ती फार तर १४१ पर्यंत जाते, आणि हवा साधारण ३२० नॅनोमीटरखालचं काही येऊ देत नाही. ताम्रसृती १.६च्या पुढे गेली तरच काम होतं. त्यामुळे या विषयात लांबचं आधी कळलं: रॉजर लिंड्स यांना १९७१ मध्ये २.८८ ताम्रसृतीच्या क्वेसारमध्ये बारीक रेषांची गर्दी सापडली (तिलाच पुढे ‘जंगल’ म्हणू लागले), आणि थ्री-सी २७३च्या वाटेवरच्या रेषा १९९१ मध्ये, हबल दुर्बीण अवकाशात गेल्यावर.

जंगलातल्या बहुतेक रेषा दीर्घिकांच्या नव्हेत, मधल्या विरळ वायूच्या. दीर्घिकेइतका दाट वायू ओळखायचा तर दृष्टिरेषेत दर चौरस सेंटीमीटरमागे हायड्रोजनचे २ × १०²⁰ अणू हवेत. वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अशांचीच शोधमोहीम छापली. ताम्रसृती २.५ असेल तर ही खाच ४२६ नॅनोमीटरला, साडेतीन नॅनोमीटरहून रुंद पडते. फसगत इथेच होते. वर्णपटमापक भरड असला की शेजारच्या चार-पाच बारीक रेषा मिसळून एक रुंद खाच भासते. खरीचा तळ थेट शून्याला टेकतो, कडा हळूहळू पसरत वर येतात, आणि त्याच ताम्रसृतीला सिलिकॉन किंवा लोहाच्या रेषा सापडतात.

रेडिओत हायड्रोजनचीच २१ सेंटीमीटरची रेषा वापरतात. थ्री-सी २८६ या क्वेसारसमोर ती १९७३ मध्येच ८३९.४ मेगाहर्ट्झला मिळाली होती. तिथली कटकट वेगळी. मोबाइलच्या ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झच्या गोंगाटात ०.४८ ते ०.५२ ताम्रसृतीचा पट्टा बुडतो.

वायू पकडला, पण दीर्घिका दिसेना, कारण क्वेसारच्या झगमगाटापुढे ती फारच मंद. २०१७ मध्ये चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बीणसमूहाने कार्बनच्या १५८ मायक्रॉन रेषेत, ताम्रसृती ४च्या आसपास, अशा दोन दीर्घिका टिपल्या. दोन्ही क्वेसारच्या दृष्टिरेषेपासून बाजूला निघाल्या: एक सुमारे ५९ हजार प्रकाशवर्षांवर, दुसरी १ लाख ३७ हजार. म्हणजे सावली पाडणारा वायू दीर्घिकेच्या ताऱ्यांपासून इतका दूर होता.