बुहफाइ थाम : मिझो घरांतली देवाची मूठ

मिझोराममधील ख्रिस्ती कुटुंबांत रोजचा भात शिजवण्याआधी मूठभर तांदूळ देवासाठी वेगळा काढून ठेवण्याची प्रथा. मिझो भाषेत बुहफाइ म्हणजे कांडून साफ केलेला तांदूळ आणि थाम म्हणजे मूठ. ही प्रथा 1910 च्या सुमारास सुरू झाली आणि आजही घरोघरी पाळली जाते. 2011 च्या जनगणनेनुसार मिझोरामच्या लोकसंख्येत ख्रिस्ती सुमारे 87 टक्के आहेत. ‘देवाला प्रथम स्थान द्या’ हे वाक्य ख्रिस्ती उपासनेत जगभर सांगितले जाते आणि ऐकून ऐकून गुळगुळीत होते. मिझो बायकांनी त्या वाक्याला चुलीशी जागा करून दिली, म्हणून या प्रथेचा विचार निव्वळ धान्यदान म्हणून करता येत नाही.

मिझो माणूस दिवसातून दोनदा भात जेवतो. सकाळच्या जेवणाला तुकथुआन म्हणतात, संध्याकाळच्या जेवणाला झानरिआ. दोन्ही वेळा घरातली बाई माणसे मोजून तांदूळ मापते, आणि मापलेला तांदूळ धुवायला घेण्याआधी त्यातून एक मूठ शेजारी ठेवलेल्या वेगळ्या भांड्यात टाकते. त्यासाठी ना मंत्र लागतो ना घंटा. काही जणी मनातल्या मनात प्रार्थना करतात, काहींचा हात सवयीनेच तिकडे वळतो. लहान मुले हे पाहतच मोठी होतात. मूठ 50 ग्रॅमची धरली तर दोन वेळचे 100 ग्रॅम होतात आणि वर्षाकाठी एका घरातून साधारण 36 किलो तांदूळ निघतो. एका वेळेला भांड्यात काही कमी झाल्याचे जाणवतही नाही, वर्षाचे मात्र पोते भरते.

प्रथेचा उगम गरिबीत आहे. तेव्हा या प्रदेशाला लुशाई टेकड्या म्हणत. लॉरेन आणि सॅविज हे दोन मिशनरी 1894 मध्ये तिथे पोचले आणि त्यांनी मिझो भाषेला लिपी दिली. वेल्सच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे डी. ई. जोन्स 1897 मध्ये ऐजॉलला आले. पुढच्या काही वर्षांत मंडळ्या, म्हणजे गावोगावची चर्चे, उभ्या राहिल्या. पण डोंगरउतारावर झूम पद्धतीने, म्हणजे जंगल तोडून-जाळून फिरती शेती करत, भात पिकवणाऱ्या घरांत रोख पैसा जवळजवळ नव्हता. दानपात्रात टाकायला नाणे नसले तरी मडक्यात तांदूळ होता, आणि तो बायकांच्या हातात होता. ‘रोज खायला काही आहे तर रोज द्यायलाही काही आहे’ असे मिझो ख्रिस्ती आजही सांगतात. या प्रथेचे सगळे मर्म त्यातल्या ‘रोज’ या शब्दात आहे.

सुरुवातीनंतर वर्षभरातच, 1911–12 मध्ये, मौताम आला. ‘मौ’ ही बांबूची जात सुमारे 48 वर्षांनी एकदा फुलते. तिची फळे खाऊन उंदीर बेसुमार वाढतात, मग शेतातल्या आणि कोठारातल्या भातावर तुटून पडतात, आणि दुष्काळ पडतो. पुढचा मौताम 1959 मध्ये आला. त्यानंतरच्या असंतोषातून 1966 चा सशस्त्र उठाव झाला आणि शांतता करारासाठी 1986 उजाडले. तिसरा मौताम 2007 चा. भरल्या कणगीतून मूठ काढणे सोपे असते. उंदरांनी शेते फस्त केल्याची आठवण घरात ताजी असताना काढलेल्या मुठीचे मोल वेगळे आहे, आणि मिझो प्रदेशात ती आठवण दोन पिढ्यांपेक्षा जुनी कधी झालीच नाही.

या प्रथेला पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, भक्कम आधार आहे. पिकाचे प्रथमफळ टोपलीत घालून परमेश्वरापुढे ठेवावे, असे बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 26 व्या अध्यायात सांगितले आहे. ‘गणना’ या पुस्तकाच्या 15 व्या अध्यायातली आज्ञा स्वयंपाकघराच्या आणखी जवळची आहे : कणीक मळली की तिच्या पहिल्या गोळ्याचा भाग देवाला अर्पावा. रोमकरांस पत्रात पौलाने हाच दाखला घेतला आहे. त्याचा आशय असा, की पहिला गोळा पवित्र असला तर उरलेली सारी कणीकही पवित्र ठरते. म्हणजे देवाला दिलेला वाटा बाजूला पडला आणि बाकीचे आपले झाले, असा हिशेब इथे नाही. पहिला वाटा काढल्याने उरलेल्या अन्नाकडे पाहण्याची नजर बदलते.

मुठीच्या सर्वांत जवळची कथा सारफथच्या विधवेची आहे (1 राजे, अध्याय 17). दुष्काळ पडलेला. तिच्याजवळ मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडे तेल. ती लाकडे वेचते आहे ती शेवटची भाकर करण्यासाठी. मुलगा आणि ती खातील आणि मग मरण. एलीया संदेष्टा तिला म्हणतो, आधी माझ्यासाठी एक लहान भाकर कर, मग तुझ्यासाठी आणि मुलासाठी. वाचताना हे मागणे क्रूर वाटते, आणि ते तसे वाटले नाही तर कथा नीट वाचलीच नाही असे म्हणावे लागेल. तिने तसे केले आणि दुष्काळ संपेपर्यंत मडक्यातले पीठ सरले नाही. येशूने मंदिराच्या भांडारापाशी दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेचे कौतुक केले, तिथेही मोजमाप रकमेचे नव्हते. बाकीच्यांनी भरपूर असल्यातून टाकले, तिने उणे असताना टाकले. मत्तयाच्या 6 व्या अध्यायातले ‘पहिल्याने त्याचे राज्य मिळवण्यास झटा’ हे वचनही ‘काय खावे, काय प्यावे’ या काळजीबद्दल बोलता बोलता येते, हे अनेकदा निसटते. त्या ‘पहिल्याने’चा संबंध आरंभापासून अन्नाशी आहे.

मराठीत ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण भुकेल्या माणसाच्या बाजूची आहे आणि तिच्यातले शहाणपण खोटे नाही. बुहफाइ थाम त्या म्हणीशी भांडत नाही. देव आणि पोट एकाच मापातले आहेत, फक्त क्रम ठरलेला आहे. आणि क्रमाचा परिणाम फार ठोस असतो. जेवणे झाल्यावर उरलेल्यातून द्यायचे ठरवले, तर देवाचा वाटा शेवटी जेवणाऱ्याच्या पानातून जातो. शेवटी जेवणारी कोण असते, हे आपल्याकडच्या कोणत्याही घराला सांगावे लागत नाही. कच्च्या तांदळातून आधीच मूठ काढली की प्रत्येकाच्या ताटात दोन घास कमी येतात : बापाच्या, मुलांच्या, पाहुण्याच्या, तिच्या. देणे सगळ्या घराचे होते. मला या प्रथेतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

प्रथेचे जसे बळ आहे तसे धोकेही आहेत आणि शास्त्राने ते लपवलेले नाहीत. पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशांश (दहावा भाग) काटेकोर देणाऱ्या परूश्यांना, म्हणजे नियमनिष्ठ यहुदी पंथीयांना, येशूने न्याय, दया आणि विश्वास सोडून दिल्याबद्दल फटकारले. देवाला वाहिले आहे असे सांगून आईबापांना पोसायचे टाळणाऱ्यांना त्याने कडक शब्दांत सुनावले (मार्क, अध्याय 7). देव प्रथम याचा अर्थ घरची माणसे वाऱ्यावर, असा काढणाऱ्याला शुभवर्तमानात आधार मिळत नाही. दुसरा धोका सौद्याचा. सारफथच्या विधवेचे मडके भरत राहिले, म्हणून मूठ टाकली की धान्य दुप्पट होईल, असे कोणी शिकवू लागला तर तो व्यापार होतो. तिसरा धोका निव्वळ सवयीचा. पण मला सवयीची फारशी भीती वाटत नाही. मन थाऱ्यावर नसलेल्या दिवशीही हात वळतो, आणि पुष्कळदा हातामागून मन येते.

गोळा करण्याचे काम कोह्रान ह्मेइछिया, म्हणजे मंडळीतल्या स्त्रियांची संघटना, करते. बायका ठरलेल्या दिवशी घरोघर फिरतात, साठलेला तांदूळ घेतात, मोजतात, वहीत नोंद करतात. घराघरातला जाडा, बारीक, जुना, नवा असा सगळा तांदूळ एकत्र होतो आणि तो विकून आलेली रक्कम मंडळीच्या कामाला जाते. मंडळीची सूत्रे दीर्घकाळ पुरुषांच्या हाती राहिली, पण तिच्या तिजोरीचा एक मोठा झरा बायकांच्या मुठीतून वाहत आला. प्रेस्बिटेरियन मंडळीचे मिझोराम सिनड, म्हणजे तिची सर्वोच्च सभा, भारताच्या इतर राज्यांत आणि देशाबाहेर मिशनरी पाठवते, आणि त्यांच्या खर्चाला या तांदळाचा हातभार लागतो. वेल्समधून मिशनरी ज्या लोकांकडे आले, त्याच लोकांनी पुढे भाताच्या मुठीवर आपले मिशनरी उभे केले. बायकांनी हीच रीत जळणालाही लावली. जंगलातून मोळी आणली की त्यातले एक लाकूड मंडळीसाठी वेगळे काढायचे. मिझो समाजात त्लॉमङाइना नावाचे एक जुने मूल्य आहे : स्वतःआधी दुसऱ्याचे पाहावे आणि त्याचा गवगवा करू नये. ख्रिस्ती शिकवण या मूल्याच्या मातीत पडली, म्हणून ती इतकी खोल रुजली असे मानायला जागा आहे.

कोरियातील प्रॉटेस्टंट स्त्रियांमध्येही स्वयंपाकाच्या वेळी तांदूळ बाजूला काढून चर्चला देण्याची रीत होती. तिला सॉंगमी म्हणतात. महाराष्ट्र आणि गोव्याला मूठ काढणे परके नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला गावोगावच्या मुष्टिफंडाने आधार दिला, आणि पणजीच्या मुष्टिफंड संस्थेने तर ही पद्धत आपल्या नावातच जपली आहे. तिथे मूठ शिक्षणासाठी होती, उपासनेचा भाग म्हणून नव्हती, पण घराघरातून धान्य जमवण्याची कल्पना तीच. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत दशांश आहे, आणि अनेक ठिकाणी सुगीनंतर आभारप्रदर्शनाची उपासना होते. ज्वारीची कणसे, भोपळे, अंडी, कधी पाय बांधलेला कोंबडा असे सारे वेदीपुढे येते, आणि उपासना संपली की अंगणात त्याचा लिलाव पुकारला जातो. तो दिवस वर्षातून एकदाच येतो. मिझो घरातले वेगळे भांडे मात्र दिवसातून दोनदा उघडते.