पोथीतल्या चुकाच पुरावा होतात

बडोद्यात भाषा-इतिहासावर लेक्चर असलं की एक वाक्य ठरलेलंच, आपल्या प्राच्यविद्या मंदिरात हजारो पोथ्या आहेत, महाराजांची दूरदृष्टी, टाळ्या, मग आभारप्रदर्शन. त्या पोथ्यांचं तिथे नेमकं केलं काय हे मात्र फारसं कुणी सांगत नाही, आणि खरी मजा तर तिथेच आहे.

1927 ची ही संस्था, नंतर युनिव्हर्सिटीचा भाग झाली, आणि 1960 ते 1975 मध्ये तिथून वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती निघाली, म्हणजे अनेक पोथ्या ताडून जुन्यात जुना मजकूर ठरवणारी, सात कांडांचे सात खंड. अडचण अशी की मूळ प्रत कुठेच नाही. आहेत त्या नकलांच्या नकला, शारदा, नेवारी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ (हे दक्षिणेतल्या एका लिपीचं नाव), मल्याळम अशा कितीतरी लिप्यांत, आणि पाठ, म्हणजे त्यातले नेमके शब्द, जुळतील तर शपथ! यातली नेपाळची एक ताडपत्राची पोथी तर इ.स. 1020 ची आहे.

बरं, बहुमत घेऊनही भागत नाही. एका चुकलेल्या पोथीच्या पन्नास नकला झाल्या म्हणून ती चूक बरोबर ठरत नाही ना. मग बघतात चुका. परीक्षेत दोघांची बरोबर उत्तरं सारखी आली तर सर काही बोलत नाहीत, पण दोघांनी तीच विचित्र चूक केली की कॉपी पकडली जाते, इथेही तेच, ज्या पोथ्यांत चूक सारखी त्यांचा पूर्वज एक. असं करत पोथ्यांची वंशावळ लागते.

चुका तरी कसल्या, तर घाईत ‘ख’चा ‘रव’ होतो, ‘घ’चा ‘ध’ होतो. दोन ओळींचा शेवट सारखा असला की नजर खालच्या ओळीवर उडी मारते आणि मधली ओळ गायब. काही लेखनिक जरा शहाणे, जुनं अवघड रूप दिसलं की सुधारून सोपं करणार. म्हणून दोन पाठांपैकी अवघड तो बहुतेक वेळा जुना धरतात, कारण सोप्याचं मुद्दाम अवघड कोण करेल?

आणि भर तर सगळ्यांनीच घातलीय. आपण 24 हजार श्लोक म्हणतो, या आवृत्तीत 19 हजारांच्या आसपास उरले. आदित्यहृदय हे सूर्याचं स्तोत्र मूळ पाठातून परिशिष्टात गेलं, यावर लोक चिडतात, पण फेकलं काहीच नाही हो, पानावर वर दोन-चार श्लोक आणि खाली बारीक टाइपात कुठल्या पोथीत काय आहे ते सगळं दिलेलं. (लक्ष्मणरेषेचा प्रश्न प्रत्येक लेक्चरला येतोच, ती वाल्मीकींच्या नेहमीच्या छापील पाठातही नाही.)

तरी हे सगळं करून थेट वाल्मीकींपर्यंत पोचलो असं नाही. रामायण शतकानुशतकं तोंडी गायलं गेलं, उत्तरेचा आणि दक्षिणेचा पाठ खूप ठिकाणी वेगळाच आहे, तिथे वंशावळही हात टेकते. बडोद्याच्या संपादकांनी अशा वेळी बहुतेक दक्षिणेचा पाठ घेतला, आणि त्यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.