शहर आखलेलं की उगवलेलं?

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमधला एक चौक. कोपऱ्यावर औषधांचं दुकान, बाहेर सिग्नल, दाराशी वर्तमानपत्रांचा स्टँड. सिग्नल लाल झाला की चालणारे थांबतात, उभ्या उभ्या मथळे वाचतात, एखादा खिशातून नाणं काढून पेपर घेतो. सिग्नल काही पेपर खपावेत म्हणून लावलेला नव्हता. तरी सिग्नल, फुटपाथ, स्टँड आणि खिशातली नाणी मिळून तिथे एक जिवंत व्यवस्था तयार झाली होती.

हे उदाहरण वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांचं, १९६५ च्या एका निबंधातलं. त्यांनी शहरांचे दोन प्रकार मांडले. सिएना, क्योटो, लिव्हरपूल ही नैसर्गिक, म्हणजे वर्षानुवर्षं आपसूक वाढत गेलेली. चंदीगड आणि ब्रिटनमधली नवी नगरं कृत्रिम, म्हणजे नियोजकांनी मुद्दाम आखलेली. कृत्रिम शहराची रचना त्यांच्या मते वंशवृक्षासारखी असते : शहराचे विभाग, विभागांचे उपविभाग, आणि एकदा फुटलेल्या फांद्या पुन्हा कधी भेटत नाहीत. खऱ्या आयुष्यात मात्र शाळेचा परिसर, बाजाराचा परिसर, मित्रांचं वर्तुळ एकमेकांवर चढलेले असतात. फरक किती पडतो? वीस घटक घेतले, तर वृक्षरचनेत त्यांचे फार तर आणखी १९ गट पडतात. गटांना एकमेकांत मिसळू दिलं, तर दहा लाखांहून जास्त!

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते नैसर्गिक शहरांच्या यादीतलं चौथं नाव : न्यूयॉर्कमधलं मॅनहॅटन बेट. तिथले १२ उभे अ‍ॅव्हेन्यू आणि १५५ आडवे रस्ते १८११ साली सरळ पट्टीने आखले गेले, तेव्हा बेटाचा बराचसा भाग शेतं आणि टेकड्यांचाच होता. इतकं आखीव शहर नैसर्गिक कसं? माझ्या मते, रेघ कोणी ओढली याला फारसं महत्त्व नाही. त्या आराखड्याने रस्ता कुठून जाईल ते ठरवलं. कोणत्या घराखाली दुकान निघावं, कुठे कारखाना यावा, हे ठरवलं नाही. चंदीगडमध्ये राहणं, काम, बाजार यांच्या जागाही आधीच ठरल्या होत्या.

आणि १८११ च्या आराखड्यालाही एक गोष्ट पुसता आली नाही. मूळ रहिवाशांच्या पायवाटेवरून आलेला ब्रॉडवे हा रस्ता त्या चौकटींत बसत नव्हता, आराखड्यात तो पुढे न्यायचाही नव्हता. लोकांची ये-जा थांबली नाही, रस्ता राहिला. आज तो चौकटी तिरका कापत जातो, आणि जिथे सातव्या अ‍ॅव्हेन्यूला छेदतो तिथे टाइम्स स्क्वेअर आहे.