उचलल्यानं लेकरू बिघडत नाही

"उचलू नको, हाताची सवय लागंल." परभणी-बीडकडच्या बाळंतिणीला हे हमखास ऐकावं लागतं. वर, रडल्यानं छाती मोकळी होते, असंही सांगतात. तान्ह्या लेकराच्या बाबतीत दोन्ही चूक.

तीन-चार महिन्यांच्या लेकराला हट्ट करताच येत नाही. आईला नमवायचा बेत आखण्याएवढी त्याच्या मेंदूची वाढ झालेली नसते. भूक, ओलं दुपटं, मराठवाड्यातला उकाडा, जवळ कुणी नसणं, हे सगळं सांगायला त्याच्याकडे फक्त रडणं आहे. साधारण सहाव्या आठवड्यात ते सर्वात वाढतं, मग उतरतं. १९८६ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या हुन्झिकर आणि बार या संशोधकांनी काही आयांना, लेकरू रडत नसतानाही, रोज जास्त वेळ त्याला अंगाशी घ्यायला सांगितलं. सहाव्या आठवड्यात ती लेकरं इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडत होती.

कापूस वेचता वेचता झोळीतलं लेकरू रडलं की बाई वटीतला कापूस खाली ठेवून धावते, छातीशी धरून पाठ थोपटते. तिला कुणी लाडावते म्हणू नये. असं कुणीतरी शांत करत राहिल्यानंच लेकरू पुढं हळूहळू स्वतःला सावरायला शिकतं.

दोन वर्षांच्या लेकरानं बिस्किटासाठी लोळण घेतली तर बिस्कीट जरूर नाकारा, पण त्याला जवळ घ्या. फारच दमलात तर तान्ह्याला पाळण्यात नीट ठेवून पाच मिनिटं बाजूला व्हा. रागाच्या भरात गदागदा हलवू मात्र कधीच नका. ताप असेल किंवा दूध ओढत नसेल तर लगेच डॉक्टरकडे न्या.