पाण्यावरची म्हातारी

उन्हाळा लागला की नाशिकच्या गंगापूर धरणाच्या काठावर रुईच्या म्हाताऱ्या उडायला लागतात. लहानपणी त्यांच्यामागे आपण सगळेच धावलोय. पण पाण्यावर उतरलेली म्हातारी निरखून पाहिलेले लोक कमीच भेटतात. ती बुडत नाही, भिजतही नाही. पाण्याला नुसती टेकते आणि वारा नेईल तिकडे सरकत राहते. एका दुपारी अशा पंधरा-वीस म्हाताऱ्यांचा पुंजका काठाशी जमला होता आणि त्याच्या मधोमध दोन जाड ओठ वर आले. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प मासा. त्यानं थोडा कापूस आत ओढला, क्षणात बराचसा थुंकून टाकला आणि शांतपणे पुढच्या पुंजक्याकडे गेला. त्या दिवसापासून मला गळावर बी बांधायचं वेड लागलं.

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावत नाहीत. पिसं, केस आणि दोरा बांधून गळालाच किड्याचं रूप देतात. असा बांधलेला गळ म्हणजे फ्लाय. ही कला जुनी आहे. मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं बांधून मासे धरतात, असं रोमन लेखक एलियननं सुमारे 1,800 वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. तेव्हापासून आजवर बांधलेल्या बहुतेक फ्लाय किड्यांच्याच आहेत. बियांच्या फार थोड्या, आणि त्या मुख्यतः कार्पसाठी. अमेरिकेत नदीकाठच्या कॉटनवूड झाडांचा कापूस उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाण्यावर पसरतो, तेव्हा तिथले गळवाले पांढऱ्या कापसाची फ्लाय बांधतात. तुती पिकली की जांभळ्या तुतीची. मला यातली गंमत नंतर कळली. कॉटनवूड ज्या कुळातला, त्याच कुळातला वाळुंज आपल्या दख्खनच्या नद्यांकाठी वाढतो आणि त्याच्याही बिया कापूस लेऊन उडतात. तुती ज्या कुळातली, त्याच कुळातला आपला उंबर. म्हणजे तिकडच्या दोन्ही झाडांचे भाऊबंद इथे आधीपासून उभे आहेत.

आता म्हातारी बुडत का नाही? तिचा प्रत्येक रेशा आतून पोकळ असतो आणि बाहेरून त्याला मेणाचा पातळ थर असतो. मेणामुळे पाणी रेशाला धरत नाही आणि रेशांच्या मधली हवा अडकून राहते. वर पृष्ठताण आहेच. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात, त्यामुळे हलक्या वस्तूखाली पाणी फाटत नाही, नुसतं वाकतं. घरी करून पाहा: परातीत पाणी घ्या, त्यावर एक म्हातारी ठेवा आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब सोडा. पृष्ठताण उतरतो, साबण मेणाची अडचण दूर करतो आणि इतका वेळ कोरडा राहिलेला कापूस भिजून चिपकतो. शहराखाली जिथे सांडपाण्याचा फेस दिसतो, तिथे पाण्यावर पडलेल्या बियांचंही हेच होत असणार, हा विचार त्या परातीपाशी बसून सुचला आणि मन खट्टू झालं.

पुंजके का जमतात हेही परातीतच दिसतं. पाण्यावर चार कुरमुरे टाका. थोड्या वेळानं ते एकमेकांना चिकटतात. प्रत्येक कुरमुरा आपल्याभोवतीचं पाणी किंचित वाकवतो आणि शेजारचा त्या वाकणाच्या दिशेनं सरकत येतो. म्हाताऱ्यांचंही तसंच. त्यात वारा त्यांना एका काठाला लोटतो आणि माशाच्या पुढ्यात आयतं ताट वाढलं जातं. किडा उडून जातो, बी कुठे जाणार? कापसात अडकलेले बारीक किडेही त्यासोबत मिळतात. कार्पच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. त्याच्या तोंडातली चव ओळखण्याची यंत्रणा मात्र फार तयारीची. तो आधी ओढतो, मग चाखतो, नको ते थुंकतो. गळवाल्याला मिळतो तो ओढणं आणि थुंकणं यांमधला क्षण, तेवढाच.

खालून माशाला काय दिसतं, हे समजून घेतल्यावर माझी बांधायची पद्धतच बदलली. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, म्हणून माशाला वरचं सगळं आकाश एका गोल खिडकीत मावलेलं दिसतं. तिचा कोन सुमारे 97 अंश. मासा 30 सेंटिमीटर खोल असेल, तर ही खिडकी साधारण 68 सेंटिमीटर रुंद. खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि त्यात तळाचंच प्रतिबिंब दिसतं. पाण्याला जेमतेम टेकलेली म्हातारी त्या आरशावर उमटतच नाही म्हटलं तरी चालेल. गळाचा वाक मात्र पाण्याखाली लोंबतो आणि लांबूनही दिसतो. खिडकीत आल्यावर म्हातारी दिसते ती उजळ आकाशासमोर, म्हणजे पांढरी नव्हे, धुरकट सावलीसारखी. माझ्या पहिल्या फ्लाय पांढऱ्याशुभ्र आणि गुबगुबीत होत्या. वरून सुंदर, खालून ढेकूळ. खरी म्हातारी विरळ असते, तिच्या आरपार उजेड जातो.

म्हणून आता मी चिमूटभरच कापूस घेतो, तोही सावरीचा. फ्लाय बांधणाऱ्यांच्या बाजारात कपोक नावानं जो कापूस मिळतो, तो पांढऱ्या सावरीचा. आपली काटेसावर तिची जवळची नातलग. माझ्या आजीच्या जुन्या उशीत तोच कापूस होता, त्यातली मूठभर मी मागून घेतली. सावरीचा रेशाही पोकळ, मेणचट आणि गुळगुळीत. याच गुळगुळीतपणामुळे त्याचं सूत कातणं जिकिरीचं होतं आणि तो उशा-गाद्यांत गेला. फ्लाय बांधतानाही तो दोऱ्यावरून घसरतो. त्यावर उपाय मधमाशीच्या मेणाचा. बारा नंबरचा गळ छोट्या व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात पकडायचा, त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा आधी पकडीनं दाबून सपाट करायचा. दोऱ्याला मेण चोळायचं, त्याचा फास करून त्यात कापसाचे रेशे विरळ पसरायचे, पीळ द्यायचा आणि दोनच वेढे घ्यायचे. मग सुईनं रेशे मोकळे करायचे. बीच्या जागी तपकिरी दोऱ्याचे पाच-सहा वेढे पुरतात. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी, तेलग्रंथीभोवती असलेली बारीक पिसंही छान तरंगतात, कारण त्यांच्या तंतूंत हवा अडकते. राखी रानकोंबड्याची मानेवरची पिसं परदेशी फ्लायसाठी एके काळी इथून ढिगानं जात, पुढे निर्यातीवर बंदी आली. तो आपल्या सह्याद्रीतला पक्षी आहे. त्याचं पीस कुणी देऊ केलं तरी घेऊ नये.

बांधणं त्या मानानं सोपं. खरी परीक्षा पाण्यावर. किड्याची फ्लाय थोडी हलली तर खपून जातं, कारण किडा तडफडतो. बीला पाय नसतात. दोरीला वाऱ्यानं पोट पडलं आणि फ्लाय बोटभर जरी ओढली गेली, तरी तिच्यामागे पाण्यावर बारीक रेघ उठते. शेजारच्या म्हाताऱ्या डावीकडे चालल्यात आणि ही एकटी उजवीकडे, असं झालं की मासा हातचा गेला. त्यामुळे वाऱ्याकडे पाठ करून बसायचं, दोरी सैल सोडायची आणि पुंजक्याच्या वाटेवर, माशाच्या दोन हात पुढे फ्लाय उतरवायची. ओठ मिटले की लगेच काठी उचलायची. पहिल्या उन्हाळ्यात मला एकही मासा मिळाला नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात चार. धरणात मासेमारीचा ठेका असतो, तेव्हा मच्छीमार सोसायटीच्या माणसांना विचारूनच बसावं. रामकुंड आणि घाटांवर गळ टाकायचा नाही, आणि नांदूरमधमेश्वर तर अभयारण्यच आहे.

सध्या व्हाइसमध्ये उंबर आहे. म्हातारी आवाज न करता उतरते, उंबर मात्र टपकन पडतं. कार्पच्या कुळातल्या माशांची हवेची पिशवी बारीक हाडांच्या साखळीनं कानाला जोडलेली असते, त्यामुळे त्यांना हा आवाज नीट ऐकू जातो. अमेरिकेत तुतीच्या झाडाखाली ग्रास कार्प गोळा होतात. हा मासा आपल्याकडे 1959 मध्ये हाँगकाँगहून आणला गेला, आपण त्याला गवत्या म्हणतो. आनंदवल्लीच्या वरच्या अंगाला पाण्यावर झुकलेला एक उंबर मी हेरून ठेवलाय. लालसर लोकरीची गोळी मी कात्रीनं गोल केली, पण ती पाण्यावर टेकताना आवाजच होत नाही. आत लाकडाचा मणी घालून पाहतोय. काल परातीत सोडली तेव्हा बऱ्यापैकी टपकन वाजली.