पितळी शरभ, अडीच बाय साडेतीन इंच

स्वतः चित्र काढून एकमेकांत बदलायच्या कार्डाचं माप ठरलेलं आहे: अडीच बाय साडेतीन इंच. बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांसाठी टॉप्स या अमेरिकन कंपनीने 1957 साली ते घेतलं आणि तेच रूढ झालं. त्याआधी सिगारेटचं पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठा घालत. त्यावर चित्रं आली आणि लोक संच पुरा करायच्या नादी लागले. आपल्याकडच्या पोरांनी हा नाद काड्यापेटीच्या छापांवर भागवला.

स्वतः चित्र काढून कार्ड बदलायची चाल मात्र अलीकडची. 1997 साली झुरिकमध्ये एम. वान्ची स्टिरनेमान या कलाकाराने आपली कार्डं मांडली आणि लोकांना म्हटलं, तुम्हीही करा, माझ्याशी बदला. विकायचं नाही. पुढे विकणारे निघालेच. त्यांनी आपला पंथ वेगळा काढला.

या कार्डांवरचं स्टीमपंक म्हणजे वाफेचं युग संपलंच नाही असं धरून केलेली कल्पना: पितळ, दातेरी चाकं, रिव्हेट, बॉयलर. नाव 1987 मधलं, वातावरण व्हिक्टोरियन इंग्लंडचं. त्यातल्या उंच टोप्या आपल्या कागदावर उसन्या दिसतात, खरं सांगायचं तर. यंत्र आणि पुराण एकत्र बघायला आपल्याला इतक्या लांब जायला नको.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचंच घ्या. चित्रकार व्हायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. रंगांधळेपणामुळे रंग सुटले, मग ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि लोखंडी नांगरापर्यंत पोचले. 1910 साली त्यांना कुंडलजवळच्या माळावर कारखान्याला जागा दिली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. हे राजे स्वतः चित्रकार, रामायणाची चित्रं काढणारे. औंधचं संग्रहालय त्यांचंच. औंध आज साताऱ्यात, किर्लोस्करवाडी सांगलीत, पण तेव्हा दोन्ही एकाच संस्थानात. हनुमान रंगवणारा राजा आणि नांगर ओतणारा कारखानदार! याहून अस्सल मसाला कुठला हवा?

प्राण्यांचीही वाण नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात 120 गोल पत्ते, त्यांत मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह. किल्ल्यांच्या दारांवर पंजाखाली हत्ती दाबलेला शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी, कुठे दोन तोंडांचा पक्षी गंडभेरुंड. शरभाच्या खांद्यात उसाच्या चरकाचं चाक बसवलं की तो लगेच आपल्या मुलखातला होतो.

जुन्या घड्याळाची चाकं चिकटवायचा मोह सगळ्यांनाच होतो. साध्या फेविकॉलने पितळ धरत नाही, आणि धरलं तरी कार्ड इतकं जाड होतं की प्लास्टिकच्या खणात शिरत नाही. म्हणून सरावलेले लोक चाक सोनेरी पेनने काढतात आणि सावली पेन्सिलने देतात. मागे नाव, गाव, तारीख, एकाहून जास्त प्रती असतील तर क्रमांक. बदलताना घासाघीस करायची नसते म्हणतात. पण समोर चांगला गंडभेरुंड आला की होतेच.