नट निर्माता झाला तरी नागपूर ‘सीपी’तच राहिलं

मराठी नट निर्माता झाला की घर गहाण ठेवल्याची आणि मनासारखी भूमिका हवी असल्याची गोष्ट हमखास सांगितली जाते. ती बहुतेक वेळा खरी असते. पण त्याचा चित्रपट नागपुरात कधी लागतो, किती दिवस टिकतो आणि इथल्या तिकिटाचा पैसा त्याच्यापर्यंत कसा पोचतो, याची उत्तरं त्या गोष्टीत सापडत नाहीत. त्यासाठी ‘सीपी’ हा धंद्यातला शब्द आणि १९७५ सालचा एक सरकारी निर्णय समजून घ्यावा लागतो.

नटांनी निर्मितीत उतरणं तसं जुनंच आहे. १९३२ च्या पहिल्या मराठी बोलपटातली नायिका पाच वर्षांतच स्वतः निर्माती-दिग्दर्शिका झाली. कोल्हापूरच्या एका लोकप्रिय नटाने १९३६ मध्ये भागीदारीत कंपनी काढली. कारण तेव्हाही साधं होतं आणि आजही तेच आहे. नटाला कामाचे पैसे मिळतात, चित्रपट मात्र निर्मात्याचा होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने तर चित्रपटाचा ‘कर्ता’ म्हणून निर्मात्यालाच मान्यता दिली. धंद्याच्या भाषेत ज्याच्याकडे निगेटिव्ह, त्याचा सिनेमा. चित्रपट पंधरा वर्षांनी पुन्हा लागला, पुढे टीव्हीवर विकला गेला, तरी पडद्यावर दिसणाऱ्या माणसाच्या हाती त्यातलं काही पडत नसे.

१९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ आला. वगनाट्यातून पुढे आलेल्या, गिरणगावात वाढलेल्या एका विनोदी नटाने तो स्वतः काढला होता. दादरच्या थिएटरसाठी झालेला झगडा सगळ्यांना ठाऊक आहे. ओळीने रौप्यमहोत्सव करणारे त्याचे नऊ चित्रपट आणि गिनीज बुकातली नोंदही ठाऊक आहे. नागपूरच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की स्वतःच्या चेहऱ्यावर चित्रपट विकता येतो, त्यासाठी मोठा स्टुडिओ पाठीशी लागत नाही, हे त्याने वितरकांना दाखवून दिलं. चेहराच माल असल्यामुळे नट हाच सगळ्यांत विश्वासाचा निर्माता ठरू लागला.

आता ‘सीपी’. सेंट्रल प्रोव्हिन्सेस अँड बेरार हा प्रांत नकाशावरून केव्हाच गेला. १९५६ पर्यंत नागपूर राजधानीचं शहर होतं. त्या वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, १९६० ला महाराष्ट्र झाला, आठाचे पुढे अकरा जिल्हे झाले. चित्रपटाच्या धंद्याने मात्र ही उलथापालथ मानलीच नाही. वितरणाचे हक्क आजही सर्किटवर, म्हणजे धंद्याने आखलेल्या ठरावीक विभागांवर, विकले जातात आणि विदर्भ ‘सीपी-बेरार’मध्ये मोडतो, सोबत जबलपूरकडचा भाग आणि छत्तीसगड. मराठवाडा ‘निजाम’मध्ये, म्हणजे हैदराबादकडच्या सर्किटमध्ये. पश्चिम महाराष्ट्र मुंबई सर्किटमध्ये, आणि त्यातच गुजरातही. एकाच राज्यातला मराठी प्रेक्षक असा तीन तुकड्यांत विभागलेला, तिन्ही तुकडे परभाषक मुलखाला जोडलेले.

हिंदी चित्रपटाला याचा काही त्रास नाही. रायपूर, जबलपूर, नागपूर, तिन्हीकडे तो चालतो, त्यामुळे अमरावती-भुसावळचा वितरक त्याला भरघोस एमजी, म्हणजे मिनिमम गॅरंटी, द्यायला तयार होतो. मराठी चित्रपटाला तेच सर्किट विकलं तर कमाई येणार ती फक्त विदर्भातून. वितरकाने एमजीचा आकडा खाली आणावा हे ओघानेच आलं. मग प्रिंट कमी, मुंबई-पुण्यात दमलेली प्रिंट उशिरा इकडे, आणि नागपुरात बर्डीवर किंवा सदरमध्ये टॉकीजची तारीख मिळायची ती मोठा हिंदी चित्रपट नसलेल्या आठवड्यातली. विदर्भात मराठी चित्रपट चालत नाही, असं पुण्या-मुंबईत वर्षानुवर्षं म्हटलं गेलं. मला तो आरोप अन्यायाचा वाटतो. दिवाळीपासून होळीपर्यंत गडचिरोलीकडच्या वडसा आणि आसपासच्या गावांत झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात, लोक तिकीट काढून पहाट होईपर्यंत बसतात, सिनेमातले नटही तिथे पाहुणे म्हणून काम करायला येतात. पैसे मोजणारा मराठी प्रेक्षक इथे आहेच. त्याच्यापर्यंत चित्रपट वेळेवर पोचत नव्हता.

दुसरा नकाशा १९७५ ने आणला. राज्य सरकारने मराठी चित्रपटांसाठी करमणूक कर परताव्याची योजना सुरू केली. तिकिटावर जमा झालेला कर निर्मात्याला परत मिळायचा, मात्र त्याने पुढचा मराठी चित्रपट काढला तरच. या अटीवर तेव्हापासून वाद आहे. विरोधकांचं म्हणणं असं, की ज्याचा चित्रपट चालला त्यालाच पैसा मिळाला, नवख्याला पहिल्या चित्रपटासाठी दमडीही नाही. शिवाय परतावा पदरात पाडून घेण्यासाठी घाईघाईत चित्रपट निघाले आणि चाललेला साचाच पुन्हा वापरला गेला. यातलं बरंचसं खरं आहे. पण याच अटीमुळे नट एका चित्रपटावर थांबला नाही. पहिल्याचा कर दुसऱ्याचं भांडवल झाला. बालकलाकार म्हणून नाव मिळवलेले नट १९८५ च्या सुमारास निर्माते-दिग्दर्शक म्हणून उभे राहिले आणि वर्षामागून वर्ष चित्रपट काढत राहिले, ते अशी योजना पाठीशी असलेल्या काळातच.

आणि हा परतावा सर्किट बघत नव्हता, राज्याची हद्द बघत होता. ‘सीपी’तल्या रायपूरच्या तिकिटाचा कर दुसऱ्या राज्याचा, तो परत येणार नाही. नागपूर, चंद्रपूर, यवतमाळच्या तिकिटाचा येणार. म्हणजे वितरकाच्या हिशेबात किरकोळ असलेला विदर्भ निर्मात्याच्या हिशेबात मोलाचा होता.

एका बंद पडलेल्या टॉकीजच्या व्यवस्थापकांनी मला जुन्या डीसीआरचा गठ्ठा दाखवला होता. डीसीआर म्हणजे रोजच्या जमेचा कागद. डावीकडे लोअर, अपर, बाल्कनी, मग विकलेल्या तिकिटांचे पहिले आणि शेवटचे क्रमांक, मग निव्वळ रक्कम, आणि शेजारी कराचा वेगळा रकाना. त्या रकान्याखाली लाल शाईची रेघ. “वितरकाचा माणूस निव्वळ बघायचा अन् निर्मात्याचा माणूस कर बघायचा,” ते बोट ठेवून म्हणाले. दोन नकाशांची एवढी नेमकी ओळख मला दुसरीकडे कुठे झाली नाही.

पुढे परताव्याची जागा अनुदानाने घेतली. परीक्षण समिती चित्रपट बघते, गुण देते, दर्जा ठरवते. ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख असे आकडे गेल्या काही वर्षांत मराठी निर्मात्यांच्या तोंडी असतात. चांगल्या पण न चाललेल्या चित्रपटाला यामुळे आधार मिळाला, हे मान्य करायलाच हवं. पण अनुदानाचा तिकीटखिडकीशी संबंध उरला नाही. नागपुरात एक आठवडा चालो की सहा, गुण तेच. नटातून निर्माता झालेल्या माणसाला इथे प्रिंट पाठवण्याचं, स्वतः येऊन टॉकीजच्या पायऱ्यांवर उभं राहण्याचं जे आर्थिक कारण होतं, ते गेलं. या बदलाची चर्चा मुंबईत कलेच्या अंगानेच झाली, विदर्भाचा विचार त्यात कुणी मांडलेला माझ्या वाचनात नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि करमणूक कराचा तो रकानाच राज्याच्या हिशेबातून पुसला गेला.

मधल्या काळात प्रिंटची अडचण मात्र संपली. उपग्रहावरून चित्रपट थेट पडद्यावर येऊ लागल्यावर नागपूर आणि पुणे एकाच शुक्रवारी चित्रपट बघू लागले. हिंदीत नाव कमावलेले नट मराठी निर्मितीत आले, वाहिन्यांच्या कंपन्या भागीदार झाल्या, वसुलीचा मोठा वाटा टीव्ही आणि ओटीटीच्या हक्कांवर गेला. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखवणं बंधनकारक झालं. तोवर इथल्या कितीतरी एकपडदा टॉकीजना टाळं लागलं होतं. अलंकार टॉकीज चौकासारखी नावं चौकांना मात्र चिकटून राहिली.

आज नट निर्माता होतो तेव्हा त्याच्या नावापुढे सहनिर्माते, प्रस्तुतकर्ते, कार्यकारी निर्माते अशी रांग असते आणि निगेटिव्ह कुणाकडे हा प्रश्न करारात पानभर चालतो. पण वितरणाच्या कलमाशी आलं की मजकूर जुनाच: मुंबई, निजाम, सीपी-बेरार.